आधी एक पाऊस

कोकणात रानातली जागा बहुधा उन्हाळ्यात पाहिली जाते. मुलांना सुट्टी असते, करवंदं पिकलेली असतात, गाडी कच्च्या वाटेवरून थेट आतपर्यंत जाते. विकणाऱ्याने जागा बेणून ठेवलेली असते. झुडपं गेल्यामुळे नजर लांबवर पोचते आणि वीस गुंठे चाळीस गुंठ्यांसारखे वाटतात. आईन-किंजळीच्या गर्द सावलीत उभं राहून, मुंबई-पुण्यात निम्मं आयुष्य घालवलेला माणूस मधल्या सपाट तुकड्याकडे बोट दाखवतो आणि म्हणतो, घर इथे. मोबाइलवर फोटो निघतात. घरी परतेपर्यंत ओटीची दिशा आणि शेजघरातली खिडकीही ठरून जाते.

अशा वेळी शेजारच्या वाडीतलं एखादं जुनं खोड गडग्यावर हात टेकून ऐकत असतं. विचारलं नाही तर बोलत नाही. विचारलंच, तर उत्तर जवळपास ठरलेलं: "काकानू, आधी एक पावस बगा. मगे काय तां ठरवा."

हा सल्ला ऐकणं जड जातं. व्यवहार झालेला असतो, पैसे गुंतलेले असतात, निवृत्तीची तारीख डोळ्यांसमोर असते. वर्षभर थांबायचं म्हणजे मजुरी वाढणार, सिमेंट वाढणार. तरीही रानात घर बांधू पाहणाऱ्याला एवढी एकच गोष्ट सांगायची असेल, तर ती हीच सांगावी. मेमध्ये दिसलेली जागा आणि जुलैत दिसणारी जागा यांचा सातबारा एकच असतो, पण जागा दोन असतात.

कोकण किनारपट्टीवर चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, कुठे कुठे त्याहून बरंच जास्त पाणी पडतं. वरचा जांभा सच्छिद्र असतो. तो पाणी पिऊन घेतो आणि खाली सोडतो. खाली बहुतेक ठिकाणी शेडीचा, म्हणजे मऊ चिकण मातीचा थर असतो आणि तिथे पाणी अडतं. मग ते आडवं सरकत राहतं आणि उतारावर जिथे हा थर उघडा पडतो तिथून झऱ्याच्या रूपाने बाहेर येतं. मेमध्ये सगळ्यात देखणा वाटलेला तो मधला सपाट तुकडा पुष्कळदा याच वाटेवर असतो. तो सपाट झाला तोच मुळी वर्षानुवर्षं पाण्याने आणून टाकलेल्या मातीमुळे. जुलैत तिथे घोट्याएवढं पाणी असतं, पाय रुततो आणि बेडकांनी ती जागा आपली मानलेली असते.

ज्याला सल्ला पटतो तो पहिल्या पावसाळ्यात बांबूच्या खुंट्या घेऊन येतो. भर पावसात छत्री सावरत, पाणी कुठून शिरतं, कुठे वळतं, कुठे साचतं, तिथे तिथे खुंटी ठोकतो. मिरगाच्या सरीतल्या खुंट्या वेगळ्या पडतात आणि श्रावणातल्या वेगळ्या, कारण तोवर जमीन तुडुंब झालेली असते. झड कुठल्या बाजूने येते हेही तेव्हाच कळतं. नैर्ऋत्येकडून येणारा वारा एखाद्या टेकाडाला अडून भलत्याच दिशेने आत शिरतो आणि ज्या भिंतीला मोठी खिडकी काढायची ठरलेली असते तीच भिंत चार महिने चिंब राहणार असते. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलला की कुठली झाडं सकाळचं ऊन अडवतात ते दिसतं. फाल्गुन-चैत्रात पानगळ झाली की पावसाळ्यात अजिबात न दिसलेलं शेजाऱ्याचं घर समोर उभं राहतं. खुंट्यांचा हा नकाशा कुठल्याही आर्किटेक्टच्या कागदाआधी हातात असायला हवा.

पाणी बघणं ही नुसती ओल टाळण्याची गोष्ट नाही. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवर डोंगर आला आणि दीडशेहून अधिक माणसं गेली. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्या तळियेत ऐंशीहून अधिक. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूरजवळच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा लोक झोपेत होते. तिन्ही गावं डोंगरउतारावरची आणि तिन्ही तारखा जुलैच्या उत्तरार्धातल्या, म्हणजे माती पाण्याने भरून जड झालेली असते त्या दिवसांतल्या. ती माणसं हौसेने तिथे राहायला गेली नव्हती, त्यांचं आयुष्यच तिथलं होतं. शहरातून येऊन उतारावर घर बांधणाऱ्याला मात्र निवड असते. म्हणून त्याने या गावांची नावं विसरू नयेत. उताराचा पायथा उभा कापून सपाटी केली की वरच्या मातीचा आधार जातो. पहिल्या वर्षी काही होत नाही, दुसऱ्या वर्षीही होत नाही. मग कापलेल्या दरडीतून पाणी झिरपतं, माथ्याजवळ जमिनीला भेग दिसते, झाडं तिरकी होऊ लागतात. या खुणा ओळखणारे लोक गावात असतात, त्यांना सोबत घेऊन एकदा पूर्ण उतार माथ्यापर्यंत चढून यावा. तो दुसऱ्याच्या मालकीचा असला तरी त्यावरचं पाणी आपल्याकडेच येणार असतं.

कागदांची बाजू कंटाळवाणी वाटते, पण रानातल्या जागेत ती सगळ्यात आधी तपासायची. महाराष्ट्रात शेतजमीन घेणारा शेतकरी असावा लागतो. सातबाऱ्यावरचा इतर हक्कांचा रकाना शांतपणे वाचावा. कोकणात सामाईक जमिनी इतक्या, की आजोबांच्या नावावरच्या गुंठ्यांना मुंबई, बडोदा आणि आखातापर्यंत पसरलेले वारस निघतात. १९७५ च्या खाजगी वने संपादन अधिनियमाची नोंद एखाद्या गटावर असेल, तर तिथे घराचं स्वप्न बघण्यात अर्थ नाही. सिंधुदुर्गात 'वनसंज्ञा' हा खाजगी जमिनीला वन ठरवणारा शब्द कित्येक कुटुंबांनी वर्षानुवर्षं उराशी बाळगलेला आहे. स्वतःच्या जागेतलं झाड तोडायलाही १९६४ च्या वृक्षतोड अधिनियमाखाली परवानगी लागते. हे नियम घर बांधणाऱ्याला अडथळ्यासारखे वाटतात. पण ज्या रानाच्या ओढीने तो तिथे आला, ते रान थोडंफार उरलं त्यात या नियमांचाही वाटा आहे.

आणि मग एक दिवस जेसीबी येतो.

रानातल्या घराचं बरंवाईट पुष्कळदा या एका दिवसात ठरतं. यंत्र तासावर असतं, चालकाला पुढच्या कामावर जायचं असतं आणि मालक शहरात असतो. संध्याकाळपर्यंत जागा 'साफ' होते. पानांच्या कुजण्यातून तयार झालेली काळीभोर वीतभर माती एका कडेला ढकलली जाते आणि खालचा लाल मुरूम उघडा पडतो. ती वीतभर माती व्हायला कित्येक पिढ्यांचे पाचोळे लागलेले असतात. राखलेल्या झाडांचंही त्या दिवशी नुकसान होतं, फक्त ते लगेच दिसत नाही. झाडाची मुळं त्याच्या फांद्यांच्या घेरापलीकडे गेलेली असतात आणि अन्नपाणी घेणारी बारीक मुळं वरच्या हातभर मातीतच असतात. त्यांच्यावरून यंत्र फिरलं की माती दाबली जाते, मुळांचा श्वास कोंडतो. खोडाभोवती भराव टाकला तरी तेच. झाड त्या वर्षी पालवतं, पुढच्याही वर्षी पालवतं, मग शेंड्याकडून वाळायला लागतं. चार-पाच वर्षांनी ते मरतं तेव्हा जेसीबीचा तो दिवस कुणाच्या लक्षातही नसतो. म्हणून यंत्र आणायचंच असेल तर आधी राखायच्या झाडांभोवती, फांद्यांच्या घेराबाहेरून दोरी बांधावी आणि त्या दिवशी मालकाने स्वतः तिथे उभं राहावं.

तोडायच्या झाडांवर खूण करतानाही माणूस घाई करतो. सागाला हात लागत नाही, आंबा-फणस राखले जातात. नंबर लागतो तो म्हाताऱ्या, वाकड्या, पोकळ झाडाचा. ना लाकूड, ना फळ. पण ढोली असलेला जुना बेहडा किंवा रायवळ आंबा हा रानातला सगळ्यात वसलेला वाडा असतो. धनेशाची मादी अशाच ढोलीत शिरून दार लिंपून घेते, फक्त चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते आणि काही महिने आत राहते. नर त्या फटीतून फळं भरवतो. धनेशाला स्वतः ढोली कोरता येत नाही, ती आयती लागते आणि नवीन झाडाला तशी ढोली पडायला माणसाच्या हयातीपेक्षा जास्त काळ लागू शकतो. ज्याला पहाटे पंखांचा तो मोठा सपसप आवाज ऐकायचा आहे, त्याने पोकळ झाडासमोर उभं राहून कुऱ्हाड दुसऱ्या दिवशीवर ढकलावी.

अर्थात झाड आणि घर यांत अंतर हवंच. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूने किनाऱ्यावर आलं तेव्हा श्रीवर्धन, दापोली, मंडणगडच्या वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. माड, पोफळी, आंबे घरांवर पडले, पत्रे उडाले, कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते आलं. अंगणात मोठं झाड असावं ही हौस आणि ते छपरावर पडू नये ही काळजी, दोन्ही एकाच माणसाच्या मनात असतात. तोड एवढीच की झाड घराजवळून हटवण्याऐवजी घर झाडापासून हटवावं. ज्याच्याकडे वीस गुंठे आहेत त्याला हे जमण्यासारखं असतं. तिरुवनंतपुरममधलं सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीजचं आवार वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी १९७० च्या दशकात बांधलं, तेव्हा त्यांनी टेकडी सपाट केली नाही. इमारती उताराच्या वळणाने चढत जातात आणि झाड आलं की बाजूला होतात. ती विटांची साधी बांधणी आजही बघण्यासारखी आहे.

रानातल्या घराची गोष्ट निघाली की अमेरिकन लेखक हेन्री डेव्हिड थोरोचं नाव येतंच, दुर्गाबाई भागवतांनी त्याचं 'वॉल्डन' मराठीत आणल्यापासून तर आपल्याकडेही. पण त्याच्या एकांताबद्दल जेवढं बोललं जातं तेवढं त्याच्या बांधकामाबद्दल बोललं जात नाही. जागा त्याची नव्हती, त्याच्या मित्राची, इमर्सनची होती. मार्च १८४५ अखेर तो उसनी कुऱ्हाड घेऊन मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्डन तळ्याकाठी गेला, पाइनची झाडं तोडून त्यानं सांगाडा घडवला आणि ती कुऱ्हाड परत केली तेव्हा घेतली त्याहून धारदार होती, असं त्यानं नोंदवलं आहे. फळ्यांसाठी त्यानं रेल्वेवर काम करणाऱ्या एका आयरिश मजुराची झोपडी सव्वाचार डॉलरला विकत घेतली. हजार विटा जुन्या, दोन खिडक्याही जुन्याच. दहा फूट रुंद आणि पंधरा फूट लांब घराचा एकूण खर्च २८ डॉलर साडेबारा सेंट. पै-पैचा हिशेब त्यानं छापला.

या हिशेबापेक्षा त्याच्या कामाचा क्रम जास्त शिकण्यासारखा आहे. ४ जुलैला तो राहायला गेला तेव्हा वर छप्पर होतं, पण भिंतींना गिलावा नव्हता, धुराडं नव्हतं. उन्हाळा त्यानं तसाच काढला, फटींतून वारा येऊ दिला, स्वयंपाक बाहेर केला. थंडी जवळ आली तेव्हा धुराडं बांधलं आणि गारठा वाढला तेव्हा गिलावा केला. त्याचं घर ऋतूंनी मागितलं तसं पुरं होत गेलं. आपल्याकडे गृहप्रवेशाची तारीख आधी ठरते, आमंत्रणं जातात आणि सगळं त्या दिवसापर्यंत उरकावं लागतं. रानात निदान पडवी, मागीलदार आणि कुंपण एवढ्या गोष्टी एका वर्षाच्या वस्तीनंतर ठरवायला ठेवाव्यात.

घर कशाचं बांधावं याचं उत्तर कोकणात पायाखालीच असतं. खाणीतून काढलेला जांभ्याचा चिरा ताजा असताना मऊ असतो, हत्याराने कापता येतो आणि हवा लागली की कठीण होत जातो. फ्रान्सिस ब्यूकॅनन याने मलबारात अंगाडिपुरमला लोक हा दगड विटेसारखा कापून घरं बांधताना पाहिले आणि १८०७ मध्ये त्याला विटेच्या लॅटिन शब्दावरून लॅटेराइट हे नाव दिलं. म्हणजे शास्त्रालाही हा दगड घरांच्या भिंतींमधून भेटला. चांगला चिरा घट्ट असतो, ठोकला की खणखणतो. पिवळसर आणि मातकट चिरा स्वस्त मिळतो, पण तो पाणी धरून ठेवतो. चिऱ्याच्या भिंतीला खरं रक्षण गिलाव्याचं नसतं, पागोळीचं असतं. छप्पर भिंतीपुढे हात-दीड हात बाहेर आलं, जोतं कमरेएवढं उंच असलं, की भिंत उघडी ठेवली तरी टिकते. जुन्या घरांना चारी बाजूंनी पडवी असायची ती याचसाठी. त्यातही पश्चिमेच्या बाजूला पावसाआधी माडाच्या चुडतांची झापं बांधली जायची.

लाकडाचीही तीच गोष्ट. फणसाच्या पिवळ्याधमक गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही. आईन आणि किंजळ वासे-तुळयांसाठी पिढ्यान्पिढ्या वापरलेली. जुने सुतार लाकूड आणि बांबू काळोख्या पंधरवड्यात, थंडीत तोडायला सांगतात. चंद्राचा संबंध असो-नसो, बांबूतली कीड त्यातल्या पिठूळ अंशावर जगते आणि तो अंश हंगामानुसार कमी-जास्त होतो एवढं नक्की. मंगळुरी कौलं मात्र इथली नव्हेत. बासेल मिशनने मंगळूरला १८६५ मध्ये कारखाना काढला आणि तिथून ती किनाऱ्याने वर चढली, गवताची आणि नळीची छपरं मागे सारून आपलीशी झाली. आता तीही निघताहेत, कारण माकडं. टोळी छपरावरून गेली की दहा-वीस कौलं फुटतात, पावसात शाकारायला माणूस मिळत नाही आणि थकलेला घरमालक रंगीत पत्रा घालतो. त्याला कुणी नावं ठेवू नयेत. ज्याला कौलंच हवीत त्याने खाली पत्रा आणि वर कौल असं करावं, खर्च वाढतो पण घर तापत नाही.

विहिरीसाठी पाणाड्या आणण्याची पद्धत आहे. तो नारळ किंवा दुबेळकं घेऊन फिरतो. त्यापेक्षा आजूबाजूच्या चार विहिरींत एप्रिलअखेर किती पाणी असतं ते वाकून पाहणं खात्रीचं. सांडपाण्याचा शोषखड्डा विहिरीपासून निदान पन्नास फूट दूर आणि उताराच्या खालच्या अंगाला हवा. जांभ्यातून पाणी जितक्या झपाट्याने खाली जातं तितक्याच झपाट्याने घाणही जाते. फेब्रुवारीपासून वणव्याची भीती असते, तेव्हा घराभोवतीचा पाचोळा गोळा करून जाळरेषा राखावी लागते. लाकडं, चिरे, जुनी कौलं भिंतीला लागून रचू नयेत, तिथे उंदीर येतात आणि उंदरांमागे घोणस, फुरसं, नाग. सर्पदंशावरची लस कुठल्या आरोग्य केंद्रात असते आणि रात्री तिथवर जायला किती वेळ लागतो, हे पहिल्याच आठवड्यात विचारून ठेवावं.

दक्षिण कोकणात काम सुरू करण्याआधी गाऱ्हाणं घालतात. जागेच्या राखणदाराला नारळ ठेवून गावातला जाणता माणूस मोठ्या आवाजात सांगतो, की हा अमका इथे घर बांधतो आहे, त्याच्या हातून काही चूकभूल झाली असेल तर पोटात घाल आणि सांभाळून घे. बाकीचे प्रत्येक वाक्यामागे होकार भरतात. शहरातून आलेल्या माणसाला आधी संकोच वाटतो. देवावर विश्वास असो वा नसो, उघड्या रानात, चार माणसांच्या देखत आपलं नाव घेऊन कुणीतरी आपल्यासाठी परवानगी मागतं आहे, हे ऐकताना तो गप्प होतो. जागा त्याने विकत घेतलेली असते, दस्त नोंदलेला असतो आणि तरी विचारायचं काहीतरी बाकी होतं हे त्याला तेव्हा जाणवतं. नारळ फोडणारी ही माणसंच पुढे चिरे उतरवायला येतात, वीज गेली की कंदील घेऊन डोकावतात, मालक शहरात असताना वणवा विझवायला धावतात.

खुंट्या ठोकणारा माणूस दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर जोतं घालतो. मधला सपाट तुकडा त्याने सोडून दिलेला असतो. घर पंचवीस पावलं वर सरकलेलं, थोडं तिरकं, दोन किंजळींच्या मधल्या उघडीपीत. गवंडी विचारतो, काटकोनात का नको? तो खुंट्यांकडे बोट दाखवतो. तोवर अर्ध्या खुंट्या वाळवीने खाल्लेल्या असतात, दोनतीन पावसात वाहून गेलेल्या, एका खुंटीला चक्क पालवी फुटलेली. उरलेल्यांच्या ओळीने तो एक उथळ पाट काढून घेतो, काठाला दगड लावतो, बाकी काही करत नाही.

पुढच्या जूनमध्ये रात्री कधीतरी पहिली मोठी सर येते. कौलांवर आधी थेंब मोजता येतात, मग येत नाहीत. पागोळ्या धरतात. तो बॅटरी घेऊन पडवीत येतो. पाणी वरच्या गडग्यापाशी शिरतं, क्षणभर गोल फिरतं, मग पाचोळा पुढे ढकलत पाटाने खाली येतं आणि घराच्या बाजूने त्या मोकळ्या सपाटीकडे उतरतं. तिथे एक बेडूक ओरडायला सुरुवात करतो, मग दुसरा.